चार्ज देताना

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. नंदनवन, नागपूर

जे दिसेल ते तारीख-वार घालून लिहायचं, असं विमानातच ठरवलं होतं. माझं कामच ते आहे. आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात, औषधांच्या कारखान्यात मी दिवसभर नोंदी तपासते. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, असा तिथला कायदा. उद्या कुठे तक्रार करायची वेळ आली तर 'मला तसं वाटलं' याला कोणी विचारत नाही.

साडेसहा वर्षांनी दिवाळीला घरी आले आणि समोरच्या चॅनल गेटला आतून कुलूप. सकाळचे अकरा वाजलेले. बाबांनी बनियनमधून गळ्यातला दोरा वर ओढला, त्याला किल्ली. कुलूप उघडलं, मला बॅगांसकट आत घेतलं आणि परत लावलं.

"बाबा, दिवसाढवळ्या कुलूप काहून?"

"असू दे. जमाना चांगला नाही."

आई मागे उभी होती. किती वाळली आहे! माझ्याकडे पाहून हसली, पण जागची हलली नाही. आधी तिनं बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मयुरा आली वच्छला. आपली मयुरा." तेव्हा कुठे ती पुढे आली आणि तिनं मला पोटाशी धरलं. स्वतःच्या लेकीला जवळ घ्यायलाही तिला आता बाबांची परवानगी लागते.

बाबांचा धाक मला नवा नाही. खापरखेड्याच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं कंट्रोल रूम सांभाळलेले वामनराव डाखोळे. घरातही त्यांनी एकदा सांगितलं की सांगितलं. अनिशशी लग्न करते म्हटलं तेव्हा सहा महिने माझ्याशी अबोला. आम्ही कॉर्कला निघालो तेव्हा विमानतळावरही आले नाहीत. त्यानंतर दर रविवारी फोन, तोही बाबांच्याच हातात. आईशी दोन मिनिटं झाली की "चल, तिले काम आहे" म्हणून बंद. मागच्या वर्षी मला म्हणाले, "तुही आई आता पहिल्यासारखी राहिली नाही वं." मी ताडकन म्हटलं, तुमच्यासोबत चाळीस वर्षं काढल्यावर कोण पहिल्यासारखं राहील? आणि फोन आपटला. परत त्यांनी तो विषय काढला नाही. लाज वाटली असेल.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पहाटे जाग आली म्हणून चहा करायला गेले. गॅसच्या सिलेंडरवर रेग्युलेटरच नाही. बाबा मागून आले, कपाट उघडून रेग्युलेटर काढला, लावला, चहा स्वतः केला आणि परत काढून कपाटात ठेवला. ज्या बाईनं या ओट्यापाशी आयुष्य घालवलं, तिला तिच्याच घरात गॅस पेटवायची मुभा नाही.

बाथरूमची आतली कडी काढून टाकलेली आहे. तिथे नुसती स्क्रूची चार भोकं. बाबांची खाट समोरच्या दाराला आडवी लावलेली, झोपतात तिथेच. आणि आईच्या चपला कुठेच नाहीत. शेवटी कपाटाच्या वरच्या खणात सापडल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, जुन्या स्वेटरांच्या मागे.

बायकोच्या चपला लपवणारा माणूस.

दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "किती दिवस आहे तू?"

"दोन तारखेचं परतीचं तिकीट आहे."

"वाढवता येते काय सुट्टी?"

"नाही येत," मी म्हटलं. कसली घाई झाली आहे यांना, माझ्यावरही राज्य करायची? ते भाकरीचा तुकडा हातात धरून कॅलेंडरकडे पाहत बसले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बाबा गच्चीवर टाकी पाहायला गेले तेवढ्यात आईजवळ बसले. तिच्या दंडावर काळेनिळे वळ आहेत, चार बोटांचे.

"आई, हे काय?"

"त्यानं धरलं."

"कोणी? बाबांनी?"

"हा माणूस मले कोंडून ठेवते वं," ती हळूच म्हणाली आणि जिन्याकडे पाहिलं. "बाहेर जाऊ देत नाही. मले कामठीले जायचं आहे, भाऊबीजेले. वाट पाहून राहिले असतील."

आईचं माहेर कामठीचं. यंत्रमागावर काम करणारे रामाजीमामा कोरोनात गेले, पण प्रेमिलामामी आणि मुलं आहेत. म्हणजे माहेरच्या माणसांशीही संबंध तोडलेत. मी तिचा हात धरून सांगितलं की मी तुला नेईन. तिचा चेहरा असा उजळला! मला विचारलं, "जेवली काय तू?" दहा मिनिटांत तीनदा विचारलं. इतक्या वर्षांची माया एका दिवसात उतू जाते आहे, दुसरं काय!

चाळीस वर्षांत 'अहो' आणि 'हे' शिवाय न बोललेली माझी आई नवऱ्याला 'हा माणूस' म्हणते. माणूस कुठवर सहन करेल?

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज जे सापडलं त्यानंतर मला या घरात रात्र काढायची भीती वाटते आहे.

बाबा भाजी आणायला गेले, आम्हा दोघींना बाहेरून कुलूप लावून. (हो, मलाही.) मी त्यांच्या उशीखाली हात घातला. लांबट, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, वीज केंद्रात असायचं तसलं. आत तारखा, वेळा, आणि प्रत्येक ओळीत आई.

'०६१० उठली. ०६४० चहा, अर्धा कप. ०८१५ गेटजवळ, ४ मिनिटे, परत आणली. ११३० रडली. १४०० ते १५२० झोप. १७०५ गेटजवळ, ओढून आणावे लागले, दंडाला लागले. रात्र नॉर्मल.'

पानामागून पान. तीन वर्षं. इतक्या थंड अक्षरात माणूस स्वतःच्या बायकोवर पाळत ठेवतो! आणि ओढून आणल्याचं स्वतःच लिहून ठेवतो, वर 'नॉर्मल'. शेवटची काही पानं तर मी वाचलीसुद्धा नाहीत, फक्त मोबाईलवर फोटो काढले. पुरावा म्हणून पुरे आहेत. चॅनल गेटचा आवाज आला तसं रजिस्टर जागेवर ठेवलं.

आणखी एक. मी आईसाठी आणलेला फोन तांदळाच्या डब्यात सापडला, खाली खोल पुरलेला. बाबांच्या हाती लागू नये म्हणून लपवला असणार. मी तो पुसून परत तिथेच ठेवला.

अनिशला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांशी एकदा सरळ बोलून तर बघ." याचे वडील मऊ स्वभावाचे, याला काय कळणार?

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनतेरस

भांडी घासायला प्रयागबाई येते. आईपेक्षा थोडी लहान, दहा वर्षांपासून या घरात. तिला सगळं ठाऊक असणार म्हणून मागच्या अंगणात गाठलं. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "ताई, बरं झालं आल्या. साहेबासारखा माणूस म्या पाह्यला नाही. बाईचं तुम्हाले माहीतच असन…" तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे राहिले. "प्रयाग, तिले सण करू दे. मंग पाहू." ती खाली मान घालून कढई घासायला लागली.

सगळ्यांची तोंडं बंद करून ठेवली आहेत यांनी.

आईचे कपडे लावताना पाहिलं, प्रत्येक ब्लाउजच्या आत, गळ्याच्या पट्टीवर, लाल दोऱ्यानं बाबांचा मोबाईल नंबर शिवलेला. वेड्यावाकड्या टाक्यांत. स्वतः शिवला असणार. आपल्या मालकीची वस्तू असल्यासारखा! मी एक ब्लाउज हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. भाऊबीजेला मी आणलेली साडी आणि नवं ब्लाउजच घालेन तिला. एक दिवस तरी या माणसाचा शिक्का तिच्या अंगावर नको.

संध्याकाळी बाबा आकाशकंदील लावायला गच्चीवर निघाले आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिले. छातीवर हात, कपाळावर घाम. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, गॅस झाला." खिशातून गोळी काढून जिभेखाली ठेवली. मी आले तेव्हापासून हे चौथ्यांदा. माझ्या मनात दया यावी म्हणून चाललेलं असावं. औषधांच्या कारखान्यात काम करणाऱ्या पोरीसमोर कोणती गोळी कशाची ते तरी लपवायचं. मी मुद्दामच पाहिलं नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

फटाके सुरू झाले तशी आई पलंगामागे जाऊन बसली. बाबा खाली फरशीवर तिच्याशेजारी बसले आणि तिनं त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, दोन तास. मला गलबलून आलं. ज्याची भीती त्याचाच हात धरायचा. अशा बायका असंच करतात म्हणे, कुठेतरी वाचलं होतं.

पूजा मी एकटीनंच केली.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

आज आईनं कमाल केली! पाडव्याचं औक्षण. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पाटावर बसले. मी ताट आईच्या हातात दिलं. तिनं बाबांकडे नीट पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "याले काहून ओवाळू? हा कोण माहा?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चाळीस वर्षांचा हिशेब एका वाक्यात! बाबा ओरडतील, ताट उधळतील म्हणून मी मध्ये उभी राहिले. पण त्यांनी स्वतःच बोट कुंकवात बुडवलं, स्वतःच्या कपाळाला लावलं आणि म्हणाले, "चाल, झालं. वच्छला, लाडू खाते काय?"

माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवलं नाही, का ते कळत नाही.

उद्या भाऊबीज. साडेदहाला बाबा आंघोळीला जातात. किल्लीचा दोरा तेवढा वेळ बाहेरच्या खुंटीला असतो. मी दहा दिवस घड्याळ लावून पाहिलं आहे. सव्वा मिनिटात गेट उघडतं. आईला कामठीला पाठवायचं आणि मी इथेच थांबायचं. लहानपणापासून ज्यांच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची, त्यांच्यासमोर उद्या उभं राहायचं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज. सकाळी दहा पन्नास

गेली! आई गेली. मोरपंखी साडी, नवं ब्लाउज, पायात तिच्या स्वतःच्या चपला. हातात पिशवी, पिशवीत ओवाळणीचं ताट, निरांजन, सुपारी, नारळ आणि एक पांढरी टोपी. टोपी तिनं कुठून काढली कोण जाणे, मामीच्या मुलासाठी असेल. चौकातून ऑटो केला, ऑटोवाल्याला सांगितलं, कामठीला जुन्या मशिदीपाशी बाई म्हणतील तिथे सोड. ती ऑटोत बसली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. किती मोकळी दिसत होती!

बाबा अजून आंघोळीत आहेत. मी गेटपाशी खुर्ची टाकून बसले आहे. पाणी बंद झालं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

जे घडलं ते क्रमानं लिहिते. माझं काय व्हायचं ते होवो.

बाबा टॉवेलवरच बाहेर आले. खुंटी पाहिली, मग मला.

"वच्छला कुठं आहे?"

"माहेरी गेली. आणि तुम्ही तिच्या मागं जाणार नाही."

"कोणासोबत?"

"एकटी. लहानपणापासूनचा रस्ता आहे तिचा."

ते धावतच खोलीत गेले, पँट-सदरा चढवून आले. "ऑटोत बसवली? नंबर काय ऑटोचा?"

नंबर मी पाहिला नव्हता. सगळं लिहून ठेवणारी मी, नंबर पाहिला नव्हता. पण तेव्हा तसं म्हटलं नाही. दोन्ही हातांनी चॅनल गेट धरून उभी राहिले आणि साडेसहा वर्षांचं सगळं बोलले. कुलूप, चपला, वळ, रजिस्टर, सगळं. ते "पोरी, बाजूले हो" एवढंच म्हणत होते. आधी मोठ्यानं, मग हळू, मग हात जोडून. माझ्या बापानं मला हात जोडले आणि मी हलले नाही. समोरच्या घड्याळात बारा मिनिटं गेली.

मग ते खाली पायरीवर बसले, गोळी जिभेखाली ठेवली आणि विचारलं, "ती कोणाले ओवाळाले गेली, विचारलं काय तू?"

"मामीकडे गेली."

"प्रेमिला पुण्याले पोराकडं गेली, तीन वर्षं झाली. घर इकून टाकलं. तिथं आता बिल्डिंग आहे. वच्छला रामाजीले ओवाळाले गेली."

"मामा तर वारले ना."

"तुले माहीत आहे. मले माहीत आहे," बाबा म्हणाले. "तिले आधी रोज सांगत होतो. रोज नव्यानं रडे. मंग सांगणंच सोडून देल्लं."

मी गेट सोडलं.

"ब्लाउज कोणतं घातलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नवं. त्यांनी डोळे मिटून घेतले. कोणाला सापडलीच तर फोन करायला तिच्या अंगावर काही नव्हतं. फोन तांदळाच्या डब्यात होता. तो तिनं लपवला नव्हता, तिथे ठेवून विसरली होती.

कामठीत आम्ही साडेतीन तास फिरलो. मामाच्या जुन्या गल्लीत तीन मजली इमारत, खाली मोबाईलचं दुकान. दुकानदार म्हणाला, एक बाई आल्या होत्या, हे माझ्या भावाचं घर आहे, तुम्ही कोण, म्हणून भांडल्या आणि रडत निघून गेल्या. कुठे? कोणाला ठाऊक नाही. पोलीस ठाण्यात नाव लिहिलं. मी कन्हान नदीचा विचार करत होते, रेल्वेच्या रुळांचा विचार करत होते आणि तोंडानं एकेकाला फोटो दाखवत होते. फोटो साडेसहा वर्षांपूर्वीचा. माझ्याकडे आईचा दुसरा फोटोच नाही. बाबा दर दहा पावलांवर थांबत होते. मी म्हटलं, तुम्ही बसा. ते म्हणाले, "ती माह्या आवाजानं येते. तुह्या नाही येणार."

साडेतीन वाजता मागच्या गल्लीत यंत्रमागांच्या एका शेडपाशी आलो. सणामुळे आजूबाजूचे माग बंद होते. दारात आईच्या चपला. आत बाकावर आई बसलेली, समोर स्टुलावर पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे मागवाले चाचा. त्यांच्या डोक्यावर मामाची टोपी, कपाळावर एवढं मोठं कुंकू.

"बहन बोली, भाई को ओवाळना है," ते आम्हाला म्हणाले, जरा ओशाळून. "रो रही थी. तो मैं बैठ गया. अब उठने नहीं देती. लड़के को थाने भेजा है बताने."

आईनं त्यांना तीन तासांत सहा वेळा ओवाळलं होतं. सहाही वेळा ते बसले होते.

बाबांनी हाक मारली, "वच्छला, चाल, माहा डबा भरून दे. सेकंड शिफ्ट आहे." ती लगेच उठली. रिक्षात बसताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बाबांच्या मागे सरकली. "ही बाई नको. हिनं मले ऑटोत टाकलं."

रिक्षात मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले.

शनिवार, २५ ऑक्टोबर

फोटो काढलेली शेवटची पानं आज वाचली. पुरावा म्हणून काढली होती.

वर लिहिलं आहे, 'चार्ज देताना सांगायचे.' 'आठवते काय असे विचारू नये, घाबरते. गेटजवळ गेली तर ओढू नये, डबा मागावा (१७/९ ला माझी चूक झाली).' दंडावरचे वळ तेच असावेत असं मी मनात म्हटलं, पण तारीख जुळत नाही. नंतर परत कधी ओढावं लागलं असेल. 'बाथरूमची कडी लावून घेतली होती, दोन तास, दार तोडले, म्हणून काढली.' आणि त्याखाली: 'मयुराचा फोन रविवारी. त्याआधी दोन वेळा फोटो दाखवून नाव पाठ करून घ्यावे. दोन मिनिटांच्या वर बोलू देऊ नये, नाव विसरते. मुलगी दूर आहे, तिला त्रास नको.'

ती दोन मिनिटं. तीनशेच्या वर रविवार झाले असतील, किती त्यातले असे होते मला ठाऊक नाही.

मी बाबांपुढे जाऊन बसले. तेच म्हणाले, "तुले सांगणारच होतो. म्हटलं, सण होऊन जाऊ दे." मग कपाटातून फाईल काढली. हृदयाच्या तीन नळ्या बंद. डॉक्टरांनी जूनमध्येच ऑपरेशन सांगितलं होतं.

"जून? आणि तुम्ही आतापर्यंत…"

"कंट्रोल रूममध्ये कायदा असते पोरी. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन सही करत नाही तोवर पॅनल सोडता येत नाही. ताप असो का घरी मयत असो. सोळा-सोळा घंटे बसलो म्या." त्यांनी फाईल बंद केली. "तू येऊन राहिली म्हटल्यावर अठ्ठावीस तारीख घेतली. पण तुले दोनले जायचं आहे, नाही काय?"

धनतेरसला ते पायरीवर बसले होते. परवा मी त्यांना बारा मिनिटं गेटपाशी उभं ठेवलं.

रविवार, २६ ऑक्टोबर

तिकीट रद्द केलं. कारखान्याला मेल पाठवला, उत्तर नाही. अनिश म्हणाला, तो येतो.

खरं ते लिहायचं तर हेही लिहिते: मेल पाठवायच्या आधी अर्धा तास मी नागपुरातल्या वृद्धाश्रमांचे फोन नंबर शोधत होते. मला आईची भीती वाटते. ती माझ्याकडे पाहते आणि बाबांच्या सदऱ्याचं टोक धरते. ते नसतील तेव्हा ती काय धरेल?

सोमवार, २७ ऑक्टोबर

बाबांनी सकाळपासून चार्ज दिला. चहा अर्ध्याच कपात, पूर्ण भरला तर सांडते आणि रडते. रेग्युलेटर कुठे, गोळ्या कोणत्या डब्यात. संडासातून आल्यावर साडी कशी नीट करायची की तिला लाज वाटणार नाही. रामाजी कुठे विचारलं तर 'मागावर गेला' म्हणायचं. बोलता बोलता दम लागत होता, तरी एकही मुद्दा गाळला नाही. मी चार वेळा चुकले. ते एकदाही ओरडले नाहीत.

प्रयागबाई म्हणाली, "ताई, मी हाओ ना." ती दिवसभर थांबणार आहे.

शेवटी रजिस्टर पुढे केलं. "सही कर." मी केली. माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःची केली, वेळ टाकली, गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. दोऱ्याला त्यांच्या अंगाचा घाम होता. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाले, "आता हे कायचं. जेवण लाव."

मंगळवार, २८ ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला त्यांचे खापरखेड्याचे जुने सहकारी मेश्रामकाका न्यायला आले. आई जागी होती. बाबांनी तिला सांगितलं, "ड्युटीवर जाऊन राहिलो."

"डबा?"

"कँटीनमध्ये खाईन."

"कधी येता?"

बाबांनी तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेले. मी कुलूप लावलं. ती गेट धरून सव्वा तास उभी होती. मी ओढलं नाही. डबा मागितला तर म्हणाली, तू कोण?

अकराला तिनं माझ्या हाताचा चावा घेतला. बाराला वरण-भात खाल्ला, प्रयागबाईच्या हातून. दोनला झोपली नाही. लिहिते आहे, कारण लिहिलं नाही तर मी ओरडेन. साडेआठला बाबांना ऑपरेशनसाठी आत घेतलं. काका म्हणाले होते, तीनपर्यंत बाहेर आणतील.

साडेतीनला तिच्यापुढे कापूस ठेवला. ती वाती वळायला लागली. एकसारख्या, बारीक, सुरेख. मी समोर बसून वळायला लागले, माझ्या जाड होत होत्या. तिनं माझ्या हातातली वात घेतली, उलगडली, परत वळून दाखवली. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली,

"तू काहून रडून राहिली वं? बाप आहे काय तुले?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग कायचं भेव," आई म्हणाली आणि पुढचा कापूस घेतला.

साडेचार वाजले. मेश्रामकाकांचा फोन आलेला नाही.